नारायण महाराजांनी न पाहिलेले तुकोबा

देहूहून तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याची रीत नारायण महाराजांनी १६८५ साली घातली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नारायण महाराज म्हणजे तुकोबांचे धाकटे चिरंजीव. एवढे सांगून आपण पुढे जातो. पण मायबाप वाचकहो, येथे जरा थांबायला हवे. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा नारायण महाराज आई जिजाबाईंच्या पोटात होते, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्या वडिलांच्या पादुका त्यांनी पालखीत ठेवल्या, ते वडील त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. त्यांचा आवाज कानांनी ऐकलेला नव्हता. तुकोबा वीणा कशी धरत, भंडाऱ्याहून उतरताना पाऊल कसे टाकत, यातले काहीच नारायण महाराजांना स्वतःच्या आठवणीतून ठाऊक असणे शक्य नव्हते.

मग त्यांना तुकोबा भेटले कोठे? घरातच भेटले. सांगणाऱ्यांच्या तोंडून भेटले. आई होती, चुलते कान्होबा होते, महादेव आणि विठोबा हे थोरले भाऊ होते, काशी, भागीरथी, गंगा या बहिणी होत्या. तुकोबांच्या मागे उभे राहिलेले टाळकरी होते. या सगळ्यांच्या सांगण्यातून एका मुलाच्या मनात बाप उभा राहिला, आणि असा उभा राहिला की पस्तिशीच्या सुमारास त्या मुलाने बापाच्या पादुका घेऊन पंढरीची वाट धरली. आज लाखो माणसे त्या पालखीमागे चालतात. जिथून हे सगळे निघाले, ते घरातले सांगणे होते. आज त्या सांगण्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

कीर्तनात जिजाबाईंची, म्हणजे आवलीची, थट्टा करण्याची एक रीत पडून गेली आहे. ती कजाग, तोंडाळ, विठोबाला बोल लावणारी. श्रोते हसतात, कीर्तन रंगते. मी पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो, पण ही थट्टा मला कधी रुचली नाही. नवऱ्यासाठी भाकरी बांधून भंडारा डोंगर चढणारी ही बाई. नवरा गेल्यावर पदरात मुले, पोटात एक, आणि घरात काय होते ते आपण जाणतोच. धाकट्याला बाप दाखवायचा कोणी? इतर माणसे सांगतील ती तुकोबांची थोरवी. बापाला भाकरी कोणती आवडे, तो मुलांना कोणत्या नावाने हाक मारी, हे फक्त घरची बाई सांगू शकते. थोरवी ऐकून माणूस नमस्कार करतो. पादुका खांद्यावर घेऊन चालायला लावणारी ओढ घरच्या गोष्टींतून येते, असे मला वाटते.

आता, घरची गोष्ट सांगायची ती कशी? येथे तुकोबांनीच कित्ता घालून दिला आहे. संतमंडळींनी त्यांना त्यांची हकीकत विचारली, आणि त्यांनी अभंगातून ती सांगितली. त्या सांगण्यात काय आहे? व्यापार बुडाला. दुष्काळ पडला. थोरली बायको अन्नावाचून गेली. या सगळ्याची लाज वाटली. मग देवाचे मोडलेले देऊळ बांधावेसे वाटले. पाहा, १६३० आणि १६३१ चा तो भयंकर दुष्काळ इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो, पण त्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याच्या घरात काय झाले, हे आपल्याला कळते ते त्या घरच्या कर्त्या माणसाने तोंड उघडले म्हणून. दिवाळे निघाल्याचे त्यांनी झाकले नाही. आपल्याकडे घराण्याचा इतिहास सांगायला बसले की पाटीलकी, इनाम, सरदारकी आणि कोणत्या लढाईत कोण होते एवढेच निघते. वाईट दिवसांवर पडदा. तुकोबांच्या घराला महाजनकीचा मान होता. त्याचा डांगोरा त्यांनी पिटला नाही. बायको उपाशी गेली हे मात्र सांगितले.

आणखी एक गोष्ट यात पाहण्यासारखी आहे. इंद्रायणीत त्या घराची दोन गाठोडी गेली. पहिले गाठोडे कर्जखतांचे. तुकोबांनी ती खते वाटून निम्मी कान्होबांना दिली, कारण कान्होबांना प्रपंच करायचा होता, आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. दुसरे गाठोडे अभंगांच्या वह्यांचे. ते लोकांनी बुडवायला लावले, आणि तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, असे आपण श्रद्धेने सांगतो. कर्जखते मात्र वर आली नाहीत, आणि तुकोबांनी त्यांची वाटही पाहिली नाही. घरात जपण्यासारखे पुष्कळ असते, तसे बुडवण्यासारखेही असते. चुलत्याने बांध कोरला, त्याचा दावा चार पिढ्या चालवायचा, हे कर्जखत जपणे झाले. पण बांधावरून दोन घरे तुटली, तीस वर्षे एकमेकांच्या सुतकातसुद्धा आली नाहीत, ही हकीकत मुलांना जरूर सांगावी. दावा बुडवावा, हकीकत ठेवावी.

याच काळातली दुसरी साक्ष बहिणाबाईंची. जन्म १६२८ चा, वैजापूरकडच्या देवगावचा. वडील आऊदेव कुलकर्णी. लहानपणीच त्यांचे लग्न शिवूरच्या बिजवर गंगाधरपंतांशी झाले. पुढे वडिलांवर कर्ज आले, घर सोडावे लागले, सगळे कुटुंब मजल दरमजल करीत पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे कोल्हापूरला गेले. तेथे जयरामस्वामींचे कीर्तन, ते कपिलेचे वासरू, तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह, हे तुम्ही अनेकदा ऐकले आहे. पण बहिणाबाईंनी अभंगांतून जे आत्मचरित्र मागे ठेवले ते एकदा मुळातून वाचा. नवऱ्याने संतापून मारले, बांधून घातले, हे त्यांनी लिहिले आहे, आणि त्याच नवऱ्याविषयी आदरही ठेवला आहे. दोन्ही एकाच तोंडाने. वडिलांचे कर्ज आणि घरातले ताणही त्यात आहेत. सतराव्या शतकातल्या एका मराठी घराचे आतून दर्शन घडवणारे असे दुसरे लेखन मला माहीत नाही.

१७०० साली अंतकाळ जवळ आल्यावर त्यांनी मुलगा विठोबा याला आपले आधीचे बारा जन्म सांगितले. हा तेरावा. त्या जन्मांकडे कोणी श्रद्धेने पाहील, कोणी चिकित्सेने, त्यात मी पडत नाही. माझे लक्ष विठोबाकडे जाते. आई मरणाच्या वाटेवर आहे आणि मुलगा जवळ बसून विचारतो आहे. संतांनी विचारले म्हणून तुकोबा बोलले. मुलाने विचारले म्हणून बहिणाबाई बोलल्या. आपल्या घरातली म्हातारी माणसे मुकी नसतात. त्यांना विचारणारा कोणी नसतो. बीपीची गोळी घेतली का, एवढे विचारून नातू खोलीबाहेर जातो.

विचारायचे ते कोणाविषयी? आपल्याकडे वंशावळी ठेवण्याच्या जुन्या व्यवस्था आहेत. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी बैल घेऊन दारात येत आणि ओसरीवर बसून घराण्याची वंशावळ वाचून दाखवत. घरचे त्यांना धान्य देत, कपडा देत. पंढरपुरात, नाशिकला, त्र्यंबकेश्वरी क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या आहेत. गावाचे आणि आडनावाचे नाव सांगितले की पान उघडते, आणि पणजोबा कोणासंगे आले होते ते निघते. त्या वहीत पणजोबांच्या हातचे अक्षर किंवा अंगठा पाहून डोळ्यांत पाणी आलेले वारकरी मी पाहिले आहेत. ही फार मोठी ठेव आहे. पण बहुतेक वंशावळींत बापाचा बाप आणि त्याचा बाप अशी एकच दोरी असते. लेकी परक्या घरी गेल्या म्हणून सुटतात, आणि सुना आल्या तरी नावाने येत नाहीत.

म्हणून मला जनाबाईंच्या नावावरचा तो अभंग फार मोलाचा वाटतो, ज्यात नामदेवरायांच्या घरची सगळी माणसे येतात. गोणाई आणि राजाई या सासू-सुना. दामा आणि नामा हे बापलेक. नारा, विठा, गोंदा, म्हादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लिंबाई ही लेक, आऊबाई ही बहीण. मोजा, चौदा झाली. पंधरावी स्वतः जनी, नामयाची दासी म्हणून शेवटी उभी. या पंधरा जणांत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. घराच्या मालकाने वंशावळ लिहिली असती तर चार सुनांची नावे आली असती की नाही, मला शंका आहे. दळणाकांडणाला त्यांच्याबरोबर बसणाऱ्या दासीने ती घेतली, आणि सातशे वर्षांनी आपण ती घेतो आहोत.

चोखोबांच्या घराकडे पाहा. चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. एकाच घरातल्या पाच जणांचे अभंग आपल्याकडे आहेत. या घराला इनाम नव्हते, सनद नव्हती, सरकारदरबारी कागद नव्हता, देवळाच्या उंबऱ्याच्या आतही जागा नव्हती. ज्यांच्याकडे वतने होती त्यांच्या पिढ्या निवाड्याच्या कागदांत सापडतात, कारण वतनासाठी भांडण होते आणि भांडणासाठी कागद लिहिला जातो. चोखोबांच्या घराची आठवण केवळ वाणीवर आली. पण वाणीलाही कोणाचा तरी हात लागतो. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, हे सांगणारा एक अभंग आहे. त्यात चोखोबांचा लेखक अनंतभट, सावता माळ्याचा काशिबा गुरव आणि जनीचा लेखक खुद्द पांडुरंग, असे येते. ज्ञानोबारायांच्या भावार्थदीपिकेला नेवाशात सच्चिदानंदबाबा लेखक लाभले, हे तर प्रसिद्धच आहे. जिला कोणीच लेखक नव्हता, तिचे लिहायला देव बसला! देवाला एरवी कामे थोडी होती का?

तुकोबांचे लिहून घेणाऱ्यांत संताजी तेली जगनाडे. तेलाच्या घाण्यावर राबणारा हा हात रात्री वही धरी. त्या वह्या त्यांच्या वंशजांनी जपल्या, आणि त्यांवरून विनायक लक्ष्मण भावे यांनी गेल्या शतकात तुकोबांचा अस्सल गाथा छापला. मधली अडीचशे वर्षे एका घराने कागद सांभाळला. पावसाळे गेले, आगी लागल्या असतील, उंदीर-वाळवी तर कोणत्या घरात नसते? जुन्या घरांत पोथी लाल कापडात बांधून आत वेखंडाचा तुकडा टाकत. वर्षातून एकदा ऊन दाखवत. एवढेच तंत्र, पण ते दरवर्षी न चुकता करायचे.

नेमाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखीचा सोहळा आज आहे तसा लावून दिला. त्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आले. ते आजही दरवर्षी येतात. दिंड्यांचे क्रम लागले, कोणी रथापुढे चालायचे, कोणी मागे, हे ठरले. अमक्या घराण्याकडे अमकी सेवा, हा मान तर आहेच, पण मला त्यात दुसरेही काही दिसते. सेवा वर्षातून एकदा येते, म्हणून मुलाला शिकवावी लागते. शिकवताना आजोबा कसे करीत हे सांगावे लागते. ज्या घरात सेवा आहे त्या घरात आजोबा विसरले जात नाहीत. ज्या घरात अशी सेवा नाही, त्यांनी आपल्यापुरता एखादा दिवस ठरवावा. पितृपक्षात आपण तीन पिढ्यांची नावे घेतो, पिंड ठेवतो, आणि जेवून उठतो. त्याच पानावर बसून, ज्याचे नाव घेतले त्याची एक गोष्ट सांगायला किती वेळ लागतो?

आता थोडे सावधपणाचे. ताहराबादच्या महिपतीबुवांचा जन्म १७१५ चा, म्हणजे तुकोबांनंतर साठ वर्षांहून अधिक. गावचे कुलकर्णपद त्यांच्या घरात. पुढे ती लेखणी त्यांनी सरकारी कामातून काढून संतांच्या चरित्राला वाहिली. भक्तविजय १७६२ सालचा. तुकोबांचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा, त्यांची पत्नी आमाबाई, हरी आणि मुकुंद हे पुत्र, ते मुलगे लढाईत कसे पडले, हे सारे आपण महिपतींमुळे सांगू शकतो. आम्हा कीर्तनकारांचे अन्नदाते म्हणावेत असे ते. पण त्यांची एक सवय फारशी कोणी उचलली नाही. आपण कोणाच्या आधारे लिहितो हे ते सांगतात. नाभाजींचे आणि उद्धवचिद्घनांचे ऋण ते उघड मान्य करतात. घरच्या गोष्टीलाही हे हवे. मी पाहिले, मी आजीकडून ऐकले, आणि गावात असे म्हणतात, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हे लिहून ठेवले नाही तर तिसऱ्या पिढीत तुमच्या आजोबांनी वाघ मारलेला असतो आणि चौथ्या पिढीत दोन.

वाचकहो, हे सारे आज लिहिण्याचे कारण आहे. १९७२ चा दुष्काळ कळत्या वयात भोगलेली माणसे आता माझ्यासारखी सत्तरी ओलांडून गेली. खडी फोडायला गेलेल्या बाया, लाल मिलोची भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी, छावणीत बांधलेली किंवा कवडीमोलाने विकलेली बैलजोडी, हे त्यांच्याबरोबर जाते आहे. तुकोबांच्या घरचा दुष्काळ आपण साडेतीनशे वर्षे गातो. आपल्या स्वतःच्या घरचा पन्नास वर्षांत विसरलो. तसेच उजनीचे. भीमेचे पाणी अडले आणि काठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते, लोक पाहायला जातात, फोटो काढतात. देऊळ वर येते, पण शेतांची नावे वर येत नाहीत. आंब्याची पट्टी, भुताचा मळा, विहिरीकडची टुकडी, कोणाच्या अंगणात भजन बसे, ही नावे ज्या तोंडांत आहेत ती तोंडे आता मोजकी उरली आहेत.

पंढरीच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख आपण पाठ घासायचा दगड म्हणून ओळखतो. तो शके ११९५ ते ११९९ मधला, आणि त्यात देवळाला दान देणाऱ्यांची नावे आहेत. दगडावर नाव जाण्याची ऐपत सर्वांची नसते. शंभर पानी वही कोणीही घेऊ शकतो.

काय विचारावे, असे कोणी म्हणेल. मोठे प्रश्न विचारू नका; "तुमच्या आयुष्याविषयी सांगा" म्हटले की माणूस गप्प होतो किंवा प्रवचन करू लागतो. लहान विचारा. घरात पहिला कंदील कधी आला? बाळंतपणाला कोण आले होते? पहिल्यांदा वारीला कोणाच्या बोटाला धरून गेलात, आणि माळ कोणाच्या हातून घातली? कोणते मूल दगावले, त्याचे नाव काय होते? हा शेवटचा प्रश्न हळू विचारावा, आणि बाईच्या तोंडून उत्तर येईपर्यंत उठू नये. मोबाईलवर आवाज धरता येतो, ही चांगली सोय आहे. पण यंत्र समोर मांडले की म्हातारी माणसे आमच्यासारखी कीर्तनी भाषा बोलू लागतात. ते बाजूला ठेवा, आणि शेंगा फोडताना, वाती वळताना विचारा. मग ते कागदावर उतरवा, कारण मोबाईल बदलला की आवाज गेला. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि दिवस वर लिहा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावे घाला, सुनांची माहेरच्या नावासकट.

दिंडीतली माणसे बहुधा एकमेकांची आडनावे आणि गावे जाणतात, त्यापलीकडे फारसे नाही. वर्षानुवर्षे शेजारी चालतात, एका पंगतीत जेवतात. वाखरीच्या तळावर शेवटची रात्र असते, पाय थकलेले असतात, पण झोप लवकर येत नाही. तंबूत शेजारी पाठ टेकून बसलेल्या माउलीला तिच्या सासूचे माहेरचे नाव विचारून पाहा.